प्रतापगडचा आर्टिस्ट

त्याला ओळखणं अवघड नाही. धुऱ्यावरून माणसं सरळ चालतात, कारण धुरा असतो हातभर रुंद आणि दोन्हीकडे चिखल. हा मधेच गर्रकन फिरतो, एक हात आभाळाकडे फेकतो, समोरच्या बगळ्यांना मान लववून नमस्कार करतो आणि पुढे निघतो. अधूनमधून तो बांधीत पडतोही. पण पडून उठायचीही त्यानं एक स्टेप बसवलेली आहे, त्यामुळे पडला की त्याला पडायचंच होतं, हे पाहणाऱ्याला कळत नाही.

वय सतरा. उंची बरी. आवाज फुटायचा अजून पुरता संपलेला नाही, त्यामुळे ‘सा’ लावला की वरचा आणि खालचा असे दोन्ही लागतात. गावात त्याला नावानं कोणी हाक मारत नाही, सगळे ‘आर्टिस्ट’ म्हणतात. ही पदवी पानठेल्यावर कोणीतरी टिंगलीनं दिली होती. त्यानं ती इतक्या मनापासून घेतली की टिंगल करणाराच ओशाळला. असला एखादा नग आमच्या झाडीपट्टीत गावोगाव सापडतो. हा आमच्या गावचा, आणि गावच्या नाटक मंडळाचा हिशेब माझ्याकडे असतो, एवढ्या दोन कारणांनी त्याच्यावर लिहायचा हक्क मी बजावतो आहे.

प्रतापगड म्हटल्यावर पुण्या-साताऱ्याकडच्या वाचकापुढे लगेच अफजलखान उभा राहील. त्याला बसायला सांगा. हे प्रतापगड गोंदिया जिल्ह्यातलं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. 1999 साली गोंदिया वेगळा झाला, तोवर आम्ही भंडाऱ्यात मोडत होतो. एका अंगाला नवेगावबांधचं जंगल, दुसऱ्या अंगाला इटियाडोह धरण, मध्ये धानाच्या बांध्या. इथे वाघनखांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, थेट वाघाच्याच सांगतात. गड आहे, पण पडका. महादेव आहे, ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा आहे, आणि या दोघांच्याही कृपेनं गडाच्या वाटेवर मोबाईलला रेंज बरी मिळते. सगळ्या भानगडीचं मूळ ही रेंज.

तिच्यावर आर्टिस्टला ‘व्हिक्टोरियस’ सापडली. ही अमेरिकेतली पोराटोरांची मालिका, 2010 ते 2013 निकलोडियनवर चालली. ती चालू होती तेव्हा हा पठ्ठ्या अंगणवाडीत खिचडी खात होता, पण मोबाईलवर शिळं-ताजं असं काही नसतं. गोष्ट हॉलिवूड आर्ट्स नावाच्या शाळेतली. ही शाळा काल्पनिक. पण नाच, गाणं, नाटक शिकवणारी खरी शाळा न्यूयॉर्कला आहे आणि तिच्यावरून 1980 साली ‘फेम’ नावाचा सिनेमा, मग 1982 ते 1987 त्याच नावाची मालिकाही निघाली. म्हणजे त्या देशात हा धंदा जुनाच. असल्या शाळेत गणित-भूगोल असतात म्हणे, पण दिसत कधी नाहीत. पोरं मधल्या सुट्टीत टेबलावर चढून गातात, जिन्यात नाचतात आणि एकही शिपाई ‘उतर खाली’ म्हणत नाही.

नायिकेचं नाव टोरी. शाळेत शिकत असते तिची थोरली बहीण ट्रिना. ऐन मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी ही ट्रिना कसल्यातरी झाडपाल्याच्या गुळण्या करते आणि तिची जीभ सुजते. मग टोरीला उभं करतात, ती गाते, सगळे थक्क होतात आणि तिला शाळेत प्रवेश मिळतो. ही पहिल्याच भागातली गोष्ट. आर्टिस्टनं हा भाग किती वेळा पाहिला याला गणती नाही, आणि त्यातून त्यानं जो धडा घेतला तो लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आला नसेल: रियाज करून काही होत नाही, कोणाची तरी जीभ सुजली पाहिजे.

तेव्हापासून तो गावातल्या गाणाऱ्यांच्या तब्येतीची फार आस्थेनं चौकशी करतो. भजनी मंडळाचे बुवा जरा खोकले की हा दारात हजर. “काकाजी, आवाज बसला का? लय बसला का?” बुवांना वाटतं, पोरगा किती गुणाचा. परवा तर त्यांनी माझ्याजवळ त्याचं उदाहरण देऊन स्वतःच्या मुलाला नावं ठेवली.

दहावीला लोककलेचे वाढीव गुण मिळतात हे त्याला कळलं, तेव्हाची गोष्ट. त्यासाठी दाखला लागतो. तो त्यानं भजनी मंडळाकडून आणला. बुवा सरळ मनाचे. त्यांनी त्यावर ‘सदर विद्यार्थी मंडळात दोन वर्षांपासून सतरंजी घालण्याचे काम करतो’ असं सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. गुण काही मिळाले नाहीत. पास मात्र झाला. मग अकरावीला त्यानं आर्ट्स घेतलं. का घेतलं, तर त्या शाळेच्या नावात आर्ट्स आहे म्हणून. पहिल्या दिवशी नवे बूट घालून गेला आणि डान्सचा तास कितवा म्हणून विचारू लागला. सरांनी राज्यशास्त्राचं पुस्तक उघडलं आणि संविधानाची वैशिष्ट्यं फळ्यावर लिहायला घेतली. घरी येऊन तो रात्री जेवला नाही. त्याचे बाबा मला म्हणाले, “धानाचा बोनस न् हा पोट्टा, दोनीचा भरोसा नाई. आले त आले.”

त्या शाळेत प्रत्येकाला एक लॉकर असतो आणि तो आपल्या कलेला शोभेल असा ज्यानं त्यानं सजवायचा असतो. आर्टिस्टच्या घरी लॉकर म्हणण्याजोगी एकच वस्तू, पडवीतली धानाची ढोली. बांबूची, शेणामातीनं सारवलेली, आजीच्या वेळची. त्यानं तिच्यावर चांदीच्या कागदाची चांदणी चिकटवली, दिवाळीच्या माळा गुंडाळल्या, खाली टिकल्यांनी स्वतःचं नाव काढलं, आणि तेही इंग्रजीत, म्हणजे आजीला वाचता येऊ नये. आजीला वाचायची गरज पडली नाही. पुढच्या आठवड्यात भातात टिकली निघाली. पाहुण्यांच्या पानात निघाली. तरी माळा काढू दिल्या नाहीत त्यानं. आता संध्याकाळी ती ढोली लुकलुकते आणि नवा माणूस अंगणात आला की आधी तिलाच हात जोडतो.

पण त्याची खरी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे माणसं चालता-बोलता एकदम गाऊ लागत नाहीत, हे त्याचं दुःख. त्या मालिकेत कसं, बोलता बोलता वाद्यं वाजू लागतात, रस्त्यावरची अनोळखी माणसंही ठेका धरतात. “आपल्या इथं असा माहोलच नाई ना, काकाजी!” हे तो मला कधी म्हणाला? महाशिवरात्रीला. प्रतापगडची यात्रा भरली होती. भंडारा, गडचिरोली, पार छत्तीसगडाकडची माणसं आलेली. खांद्यावर त्रिशूळ, हातात डफ, टाळ. एक जत्था महादेवाची गाणी म्हणत वर चढतो, तो दमला की मागचा उचलतो, उतरणारे चढणाऱ्यांच्या गाण्यात आपलं गाणं मिसळतात. अख्खा रस्ता गातो आहे आणि आमचा आर्टिस्ट कानांत इअरफोन खुपसून वाट काढत वर निघालेला, कारण खाली एवढ्या गलक्यात डायलॉग ऐकू येत नव्हते.

रोवणीच्या दिवसांतलं तर मी डोळ्यांनी पाहिलं. दहा-बारा बाया गुडघाभर चिखलात, कंबरेत वाकून, एका ओळीत. एकजण गाण्याची ओळ टाकते, बाकीच्या ती झेलतात, आणि झेलता झेलता सगळ्यांचा उजवा हात एकदम खाली जातो, पऱ्हा चिखलात रुततो, सगळ्या एकदम पाऊलभर मागे सरकतात. कोणाचं पाऊल कोणावर पडत नाही. ओळ टाकणारी होती आर्टिस्टची माय. हा धुऱ्यावर पेंढ्या फेकायला नेमलेला. त्याचा एक डोळा मोबाईलवर. पेंढ्या संपल्या, ओळ थांबायला आली. मायनं गाणं तोडलं नाही, मान वर केली नाही. पुढच्या कडव्याच्या जागी तिनं त्याच चालीत, त्याच तालात “मोबाईल ठेवतस का येऊ मी वर” हे बसवलं आणि बाकीच्या बायांनी तेही मागून इमानदारीनं म्हटलं. मोबाईल त्यानं खिशात घातला खरा, पण मला म्हणतो कसा, “मायचा टायमिंग चांगला आहे काकाजी, फक्त एक्स्प्रेशन नाई.”

आता गुरूंकडे वळू. हॉलिवूड आर्ट्समधले अभिनयाचे मास्तर सिकोविट्झ. हे गृहस्थ अनवाणी फिरतात, नारळातलं पाणी पितात, वर्गात दारातून न येता भलतीकडूनच येतात, आणि पोरं म्हणतात, काय विक्षिप्त प्रतिभा! आर्टिस्टला तसा गुरू हवा होता. तो गावातच होता. आमच्याकडे दंडार बसवणारे एक आबाजी आहेत. सत्तरी ओलांडलेली. दंडार म्हणजे झाडीची जुनी नाच-गाण्याची करामत. बाईची सोंगं बापेच घेतात, दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या दिवसांत ढोलकी वाजली की आबाजींचे गुडघे दुखायचे थांबतात. आबाजी जन्मभर अनवाणीच आहेत, चप्पल फक्त तहसीलमध्ये जाताना. तालमीला कुडाच्या फटीतून येतात, कारण दाराशी सुनेची नजर असते. सिकोविट्झच्या हातात नारळ असतो. आबाजींच्या हातात काय असतं, ते मी मंडळाच्या हिशेबात ‘औषधपाणी’ या सदरात टाकतो.

आर्टिस्टनं आबाजींना सोडून दिलं, कारण आबाजी शिकवत नाहीत, नुसते मारतात. हे अर्धसत्य आहे. आबाजींजवळ बांबूची एक कामटी असते. ती ते जमिनीवर ठेक्याला आपटतात. पाय चुकला की कामटी जमिनीऐवजी पोटरीवर पडते, पण ठेक्यातच पडते, मात्रा चुकत नाही. आर्टिस्ट म्हणाला, “आबाजी, हे फ्यूजन आहे.” आबाजी म्हणाले, “हाव, न् हे कामटी आहे.” पहिला आणि शेवटचा तास तेवढ्यावर आटोपला.

ज्यांनी झाडीपट्टी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात दिवाळी ते होळी नाटकाचा हंगाम असतो. गावात मंडई असो, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असो, रात्री नाटक हवंच. कंपन्यांची मुख्य पेठ वडसा, कागदोपत्री देसाईगंज. गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या गाडीनं उतरलात की पाट्यांवर पाट्या. मंडळी हौसेनं या सगळ्याला झॉलीवूड म्हणतात आणि 2022 साली त्याच नावाचा मराठी सिनेमाही येऊन गेला. नाटकाच्या नावात कुंकू, लेक, सून, माहेर यांपैकी एक तरी असतं. पत्रकावर वेळ रात्री नवाची असते, पडदा अकराला उघडतो आणि माणसं उजाडता उजाडता घोंगडी झटकून थेट शेतावर जातात. पार्श्वगायन वगैरे लाड नाहीत. जो रडतो त्यानंच गायचं, जो मरतो त्यानंही मरायच्या आधी गायचं, आणि लोकांनी वन्स मोअर दिला तर उठून पुन्हा गाऊन पुन्हा मरायचं. गुरनोलीचे परशुराम खुणे याच रंगभूमीवर आयुष्यभर लोकांना हसवत आले आणि 2023 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या दिवशी आर्टिस्टनं मला विचारलं होतं, “त्याईचं कॉलेज कोनतं?”

तर यात्रेच्या आधीच्या हंगामात, आमच्या मंडईला, वडसाची एक कंपनी बोलावली होती. संध्याकाळी मॅटाडोर आली आणि मॅनेजरनं मला बाजूला घेतलं. हिरोचा आवाज गेला होता. रोज रात्री वेगळं गाव, रोज चार गाणी, वरून डिसेंबरचं धुकं. घशातून नुसती हवा. ही बातमी मी आणि मॅनेजर सोडून कोणाला ठाऊक नव्हती, म्हणजे पाच मिनिटांत गावभर झाली. आर्टिस्ट कोठून उगवला देव जाणे. अंगात चुलतभावाच्या लग्नातला कोट, डोळ्यांत पाणी. एवढ्या वर्षांनी एकदाची कोणाची तरी जीभ सुजली होती.

“मले सगळे गाने पाठ आहेत,” तो मॅनेजरला म्हणाला.

मॅनेजर चहा पीत होता. त्यानं मान वर केली नाही. “ऑर्गन उचलता येते का?”

“हाव.”

“त उचल.”

ऑर्गन उचलून तो रंगमंचापाशी गेला आणि तिथेच पडद्याच्या आडोशाला राहिला. हिरोची भूमिका केली प्रॉम्प्टरनं. वय बावन्न, पोट सुटलेलं, समोरचे दोन दात शंकरपटात गेलेले. नाटकात तो कॉलेजात शिकणारा, आईचा लाडका, वीस वर्षांचा. पहिल्या प्रवेशात लोक हसले. दुसऱ्या गाण्याला गप्प झाले. तिसऱ्याला वन्स मोअर आला.

मी मुद्दाम विंगेत उभा होतो, आर्टिस्ट माझ्या पुढ्यात बसलेला. तिथून जे दिसतं ते समोरून दिसत नाही. वर दोरीला तीन माईक टांगलेले. हा बावन्न वर्षांचा विशीतला पोरगा एका माईकखालून वाक्य सुरू करी, रागानं फेरी मारल्यासारखा चाली आणि वाक्याचा शेवटचा शब्द बरोबर पुढच्या माईकखाली टाकी. एकही शब्द दोन माईकच्या मधल्या खड्ड्यात पडला नाही. हिरोइनला दुसऱ्या अंकात पदर अडकून थांबावं लागलं, तेव्हा त्यानं मूळ नाटकात नसलेली आईची आठवण काढून सबंध एक मिनिट भरून काढलं, आणि त्या मिनिटात पहिल्या रांगेतल्या बाया पदर डोळ्याला लावून मोकळ्या झाल्या. शेवटी तो रडला. खरोखर रडला. आणि डोळे पुसायला वर नेलेल्या हाताच्या करंगळीनं त्यानं ऑर्गनवाल्याला खूण केली: अर्धा सूर खाली घे.

ती करंगळी आर्टिस्टनं पाहिली. मी त्याच्या मानेकडे पाहत होतो. ती पुढे आली आणि नाटक संपेपर्यंत मागे गेली नाही. पहाटे सामान बांधताना हा त्या माणसाच्या मागे मागे. प्रॉम्प्टरनं मिशी उपटली, बिडी पेटवली आणि त्याला विचारलं, “काय पाह्यतस? वायर गुंडार.”

पुढे काही दिवस तो धुऱ्यावरून सरळ चालला. माय घाबरली, ताप तपासला. मग एका संध्याकाळी माझ्याकडे आला. “काकाजी, त्या मानसाले शिकवलं कोनं?”

कोणी नाही शिकवलं. ऑर्गन उचलली, वायर गुंडाळली, पडदे शिवले, हवालदार झाला, मेला, पुन्हा हवालदार झाला. आमच्याकडे हीच पद्धत आहे आणि तिची फार आरती ओवाळावी असं मला वाटत नाही. करंगळीची खूण शिकायला तीस वर्षं लागावीत हे काही कौतुक नव्हे. कोणी नीट बसवून सांगितलं तर महिन्यात कळेल. पुण्याला विद्यापीठात ललित कला केंद्र आहे, 1987 पासून. मुंबई विद्यापीठाची नाट्यशाळा आहे, 2003 ची. इथून पुणं म्हणजे आधी गोंदिया किंवा नागपूर गाठा, मग रात्रभर गाडीत बसा, आणि मग तिथे जाऊन सांगा की मी सतरंजी घालतो. चार जिल्हे हिवाळाभर ज्याच्यावर जागतात, त्या नाटकाची शाळा त्या चार जिल्ह्यांतच असावी, एवढं म्हणायला कोणाची जीभ सुजायचं कारण नाही.

हेच मी आर्टिस्टला सांगत होतो, तर त्याच्याबरोबर आलेला त्याचा मित्र फिस्सकन हसला. हा मित्र गावाशेजारच्या नोरग्येलिंग वस्तीतला. बाहेरच्यांना ठाऊक नसतं, पण गोठणगाव-प्रतापगडच्या या जंगलात सत्तरच्या दशकापासून तिबेटी लोकांची वस्ती आहे. ते आमच्यासारखाच धान लावतात, हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरात जातात. हा पोरगा घरी तिबेटी बोलतो, बाकी ठिकाणी आमच्यापेक्षा अस्सल झाडीबोली.

“आमची आहे ना शारा,” तो म्हणाला. “धरमशालेले. नाच, गाना, नाटक, सबन.”

खरंच आहे. तिबेटी इन्स्टिट्यूट ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स. 1959 च्या मार्चमध्ये दलाई लामा देश सोडून भारतात आले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात ही संस्था उभी राहिली. डोक्यावर धड छप्पर नाही, पोटाची सोय नाही आणि पहिल्या काही कामांत एक काम म्हणजे नाच-गाण्याची शाळा. ल्हामो नावाचं त्यांचं संगीत नाटक तिथे शिकवतात. तेही उघड्यावर, तेही तासन्‌ तास चालणारं, आमच्यासारखंच लोकांचा पिच्छा न सोडणारं. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयाची स्थापनाही 1959 चीच. ते सरकारनं काढलं. हे निर्वासितांनी काढलं.

आर्टिस्टचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ज्या शाळेसाठी तो गड चढून अमेरिकेत डोकावत होता, तसली शाळा त्याच्याबरोबर आलूबोंडा खाणाऱ्या पोराच्या ओळखीची निघाली. “मंग तू काहून नाई जात?” त्यानं चिडून विचारलं.

“मले नाचता येत नाई गा,” मित्र म्हणाला. “मी स्वेटर इकतो.”

महिनाभर आर्टिस्ट त्याला तिबेटी शिकवायला सांगत होता. दहापर्यंत आकडे आले. मग धान कापणीला आलं आणि तो अभ्यासक्रम तिथेच राहिला.

मालिका त्यानं सोडली, असं कोणी समजू नये. गडाच्या वाटेवर अजून दिसतो. पण आता बघताना मधेच थांबवतो, मागे नेतो आणि म्हणतो, “पाहा काकाजी, हिनं माईक सोडला. आपल्याकडे असती त मॅनेजरनं नाईट कापली असती.” आबाजींकडेही पुन्हा जाऊ लागला आहे. पोटऱ्यांवर वळ असतात. मोजून घ्या, ठेक्यात असतात. औषधपाण्याचा खर्च वाढला, तो मी ‘शैक्षणिक’ या नव्या सदरात दाखवला आणि मंडळाच्या सभेत कोणी हरकत घेतली नाही.

यंदा दिवाळीनंतर तो वडसाच्या एका कंपनीत लागला. बारावीचा फॉर्म भरूनच जायचं, या बोलीवर बाबांनी सोडलं. पुस्तकं पडद्याच्या पेटीत असतात. दिवसा झोपतो, संध्याकाळी ऑर्गन उतरवतो, वायर टाकतो, रात्री तिसऱ्या अंकात सावकाराच्या वाड्यातला नोकर होतो. काम एक, वाक्य एक: “मालक, चहा.” ट्रे ठेवण्याआधी त्यानं एक गिरकी घातली म्हणून पहिल्याच प्रयोगाला नाईट कापली गेली. आता अर्धीच गिरकी घेतो. तेवढी मॅनेजर चालवून घेतो.

तर वाचकहो, हिवाळ्यात इकडे येणं झालं आणि कुठे मांडवात दिवे दिसले, तर तिकीट काढून बसा. अंगावर पांघरूण घ्या, आणि काही झालं तरी तिसऱ्या अंकापर्यंत झोपू नका. ट्रे घेऊन येतो तो आमचा. टाळी मात्र वाजवू नका. वाजवली तर तो परत येऊन पुन्हा चहा देतो.